घरगुती कचऱ्यापासून ऊर्जा : शाश्वततेच्या कसोट्या आणि तासगावचा हिशेब

१. प्रश्नाचे स्वरूप

घरोघरचा कचरा हा केवळ आरोग्याला अपायकारक असा टाकाऊ पदार्थ नसून त्यात इंधनही साठलेले आहे, हा विचार आता बहुतेकांस परिचित झाला आहे. परंतु या एका विचारात दोन निराळे प्रश्न नकळत मिसळले जातात. कचऱ्यातून ऊर्जा निघते काय, हा त्यांपैकी पहिला; आणि ती काढण्याची व्यवस्था एखाद्या गावात वर्षानुवर्षे टिकून राहील काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने पूर्वीच दिले आहे व ते सर्वत्र एकच आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र गावाच्या आकारमानावर, तेथील अन्नावर, हवामानावर, शेतीवर आणि नगरपालिकेच्या कारभारावर अवलंबून असल्यामुळे ते स्थलपरत्वे शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात हा शोध सांगली जिल्ह्यातील तासगाव या तालुक्याच्या ठिकाणाच्या संदर्भात घेतला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या नगराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती. द्राक्षबागा आणि बेदाण्याचा व्यापार हा येथील अर्थव्यवहाराचा कणा होय. तासगाव महानगर नाही आणि खेडेही नाही. कचरा-ऊर्जेसंबंधीचे बहुतेक लेखन एकतर मोठ्या शहरांतील प्रचंड प्रकल्पांविषयी किंवा खेड्यांतील गोबर-गॅसविषयी असते. या दोहोंच्या मधल्या नगरांचा विचार त्यात क्वचितच आढळतो. महाराष्ट्रातील नगरपरिषदांपैकी पुष्कळशा याच वर्गात मोडतात, म्हणून तासगावचा हिशेब इतरत्रही मार्गदर्शक ठरावा.

शाश्वतता या शब्दाचा अर्थ येथे चार कसोट्यांनी निश्चित केला आहे. पहिली, खर्ची पडणारी ऊर्जा वजा जाता निव्वळ किती ऊर्जा हाती येते. दुसरी, वातावरणावर तिचा परिणाम काय होतो. तिसरी, कचऱ्यातील सेंद्रिय द्रव्य व पोषकांश जमिनीला परत मिळतात काय. आणि चौथी, ती व्यवस्था स्थानिक मनुष्यबळाच्या व द्रव्यबळाच्या आधारे अखंड चालू शकते काय. यांपैकी पहिल्या कसोटीचा गाजावाजा फार होतो, आणि चौथीचा विचार बहुधा योजना बंद पडल्यावर होतो.

२. पूर्वपीठिका

सेंद्रिय घाणीपासून ज्वलनशील वायू मिळविण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ साली मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठधामात मैल्यापासून वायू निर्माण करून त्याचा प्रकाशासाठी उपयोग करण्यात आला होता. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास जशभाई पटेल यांनी शेणावर चालणाऱ्या वायुसंयंत्राचा आराखडा सिद्ध केला व १९६० च्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. तरंगती लोखंडी टोपी असलेले ते संयंत्र दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परसात अनेक वर्षे दिसत असे.

स्वयंपाकघरातील उष्टेखरकटे हाच मुख्य कच्चा माल मानून झालेल्या प्रयत्नांत दोन विशेष उल्लेखनीय आहेत. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजेच ‘आरती’, या संस्थेने प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून घरगुती संयंत्र तयार केले व त्यास २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. दुसरा प्रयत्न तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांचा. ‘निसर्गऋण’ या नावाच्या त्यांच्या संयंत्रात कचऱ्याचे प्रथम हवेच्या सान्निध्यात, गरम पाण्याच्या साह्याने, पूर्वपाचन होते आणि नंतर तो हवाबंद टाकीत जातो. वाहनबंदी असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे कचरा डोंगराखाली नेणे हेच संकट होते, तेथे हे संयंत्र बसविण्यात आले.

३. कचरा जाळणे : एक सोपा पण फसवा मार्ग

कचऱ्यापासून ऊर्जा मिळविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत : तो जाळणे, अथवा त्याचे हवाबंद अवस्थेत जीवाणूंकरवी विघटन घडवून आणणे. जाळण्याचा मार्ग वरकरणी सोपा दिसतो. परंतु त्याला पाण्याचा मोठा अडसर आहे.

भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेला भात व आमटी यांचे जे मिश्रण घरातून बाहेर पडते, त्यात सुमारे ७५ टक्के पाणी असते. एक किलोग्रॅम ओल्या कचऱ्यात घनद्रव्य जेमतेम पाव किलोग्रॅम. हे द्रव्य दर किलोग्रॅमला सुमारे १७ मेगाजूल उष्णता देते असे धरल्यास पाव किलोग्रॅमपासून सव्वाचार मेगाजूल मिळतील. परंतु सोबतच्या पाऊण किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यासच जवळजवळ १.८ मेगाजूल खर्ची पडतात. शिल्लक राहतात सुमारे २.४ मेगाजूल, म्हणजे ५८० किलोकॅलरी. एवढ्या उष्णतेवर भट्टी स्वतःच्या बळावर धगधगत राहू शकत नाही. तिला बाहेरून तेल पुरवावे लागते.

दिल्लीच्या तिमारपूर येथील प्रकल्पाचा इतिहास या गणिताची साक्ष देतो. १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने उभारलेले हे केंद्र रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज देईल अशी योजना होती. कचऱ्याचे उष्मांकमूल्य दर किलोग्रॅमला १,४०० किलोकॅलरींहून अधिक असेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ते ६०० ते ७०० च्या दरम्यान निघाले. केंद्र अवघे २१ दिवस चालले. यंत्रसामग्रीत मोठा दोष नव्हता. युरोपातील कोरड्या कचऱ्याचे अनुमान भारतीय ओल्या कचऱ्यास लावले गेले, हे त्या अपयशाचे मूळ.

जागतिक बँकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत भस्मीकरणासाठी दोन अटी सांगितल्या आहेत. कचऱ्याचे उष्मांकमूल्य वर्षाच्या सरासरीने दर किलोग्रॅमला किमान ७ मेगाजूल असावे व कोणत्याही ऋतूत ते ६ च्या खाली जाऊ नये, ही एक. आणि वर्षाला किमान ५० हजार टन कचरा उपलब्ध असावा, ही दुसरी. तासगावसारख्या नगरात दरडोई दररोज २५० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो असे धरल्यास एकूण राशी सुमारे १० टन, म्हणजे वर्षाला ३,६५० टन होते. ही आवश्यक राशीच्या तेराव्या हिश्श्याएवढीही नाही. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या मोशी येथील ज्या केंद्राचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले, त्याची वार्षिक गरजच सुमारे अडीच लाख टनांची आहे. धूर शुद्ध करणारी यंत्रणा लहान भट्टीला परवडत नाही आणि ती नसेल तर प्लॅस्टिकच्या ज्वलनातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. अर्थात लहान नगरासाठी भस्मीकरणाचा विचार येथेच संपतो.

कोरड्या कचऱ्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. कागद, पुठ्ठा व प्लॅस्टिक हेच कचऱ्यातील उत्तम इंधन. पण भंगारवाल्यांच्या व कचरावेचकांच्या उपजीविकेचा आधारही तेच. या वस्तूंच्या पुनर्वापराने वाचणारी ऊर्जा त्या जाळून मिळणाऱ्या ऊर्जेहून सामान्यतः अधिक असते. म्हणून जाळण्याच्या वाट्याला, पुनर्वापरास सर्वस्वी निरुपयोगी असे अवशेषच यावेत, हे युक्त होय. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही पुनर्वापरास अयोग्य आणि १,५०० किलोकॅलरींहून अधिक उष्मांकमूल्याच्या कचऱ्याचाच ऊर्जेसाठी विचार केला होता.

४. जैववायू : तासगावचा हिशेब

जाळण्यास जो कचरा अपात्र ठरतो तोच जीवाणूंच्या दृष्टीने उत्तम खाद्य होय. कारण त्यांना पाण्याची अडचण नसते, गरजच असते. हवाबंद टाकीत प्रथम काही जीवाणू पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे आम्लांत रूपांतर करतात आणि मग दुसऱ्या वर्गाचे सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन निर्माण करतात. निघणाऱ्या वायूत मिथेनचे प्रमाण सुमारे ६० टक्के असते व उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा असतो.

तासगावच्या दैनिक १० टन कचऱ्यापासून किती ऊर्जा मिळू शकेल, हे पुढील पायऱ्यांनी काढता येईल.

दैनिक कचरा : १० टन
त्यातील ओला, कुजणारा भाग (निम्मा) : ५ टन
घरोघरी नीट वेगळा होऊन येणारा भाग (८० टक्के) : ४ टन
त्यातील घनद्रव्य (२५ टक्के) : १,००० किलोग्रॅम
घनद्रव्यातील विघटनक्षम अंश (८५ टक्के) : ८५० किलोग्रॅम
दर किलोग्रॅमला अर्धा घनमीटर या दराने जैववायू : ४२५ घनमीटर
त्यातील मिथेन (६० टक्के) : २५५ घनमीटर
मिथेनची उष्णता : सुमारे ९,१०० मेगाजूल

हा आकडा अनुकूल परिस्थितीतील आहे. व्यवहारात किती मिळेल याचा अंदाज मोठ्या केंद्राच्या क्षमतेवरून बांधता येतो. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राची योजना रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून १७,००० किलोग्रॅम शुद्ध केलेला वायू मिळविण्याची आहे. म्हणजे टनामागे सुमारे ३१ किलोग्रॅम. उष्णतेच्या परिमाणात हे टनामागे साधारण १,५५० मेगाजूल होतात. वरील कोष्टकातील दर टनामागे जवळजवळ २,३०० मेगाजूल आहे. तेव्हा कोष्टकातील अपेक्षेच्या दोन-तृतीयांश एवढेच पदरात धरणे शहाणपणाचे. त्या हिशेबाने तासगावच्या ४ टन ओल्या कचऱ्यापासून रोज ६,२०० मेगाजूल उष्णता मिळेल.

या संख्येचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. तीस टक्के कार्यक्षमतेच्या जनित्रावर वीज निर्माण केल्यास सुमारे ५१५ युनिट होतील. कचरा दळणे, ढवळणे व पंप चालविणे यांत पाचवा हिस्सा गेला तरी ४१० युनिट उरतील. ४० वॅटचे ८५० पथदिवे बारा तास पेटते ठेवण्यास ही वीज पुरेशी आहे. असा दाखला दिला की योजना भव्य वाटू लागते. परंतु तीच उष्णता स्वयंपाकाच्या गॅसच्या रूपात मोजली तर ती १३५ किलोग्रॅम, म्हणजे घरगुती आकाराचे साडेनऊ सिलिंडर भरते. तासगावात साडेचार माणसांचे एक याप्रमाणे सुमारे ८,४०० कुटुंबे धरली आणि प्रत्येक कुटुंबास ४५ दिवसांत एक सिलिंडर लागतो असे मानले, तर नगराची दैनिक गरज १८७ सिलिंडरांची होते. साडेनऊ सिलिंडर हा तिचा विसावा हिस्सा. दुसऱ्या शब्दांत, वीस घरांनी आपला कचरा काटेकोरपणे वेगळा करून दिला तर त्यातून एका घराची चूल पेटेल.

ऊर्जेच्या दृष्टीने ही प्राप्ती नगण्य नाही. पण नगराच्या इंधनाचा प्रश्न सोडविणारीही नाही. वीज निर्माण करण्यापेक्षा वायू थेट चुलीवर जाळणे अधिक हितावह, हेही यातून स्पष्ट होते, कारण जनित्रात सत्तर टक्के उष्णता वाया जाते. वसतिगृहाचे भोजनगृह किंवा मोठी खानावळ संयंत्राच्या नजीक असेल, तर वायूचा तो सर्वांत काटकसरीचा विनियोग होय.

५. घरगुती संयंत्राची मर्यादा

एक मध्यवर्ती संयंत्र उभारण्याऐवजी घरोघरी लहान टाक्या बसवाव्यात, असाही पक्ष मांडला जातो. वाहतूक वाचते व कचरा उगमापाशीच संपतो, हे त्याचे गुण निर्विवाद आहेत. परंतु प्राप्तीसंबंधीच्या अपेक्षा तपासून घेतल्या पाहिजेत.

‘आरती’च्या संयंत्रासंबंधी असे सांगितले जाते की, दोन किलोग्रॅम पिष्टमय वा शर्करायुक्त खाद्यापासून सुमारे अर्धा किलोग्रॅम मिथेन मिळतो. रसायनशास्त्राप्रमाणे १६२ ग्रॅम शुद्ध पिष्टापासून अधिकात अधिक ४८ ग्रॅम मिथेन निघतो. यास्तव दोन किलोग्रॅम पूर्ण कोरड्या पिष्टाची परमावधी ५९० ग्रॅम ठरते. खराब झालेले पीठ किंवा धान्य यांसारख्या कोरड्या खाद्याच्या बाबतीत अर्धा किलोग्रॅमचा दावा सैद्धांतिक मर्यादेत बसतो. मात्र तोच आकडा तीन-चतुर्थांश पाणी असलेल्या उष्ट्या अन्नास लावता येत नाही. अशा दोन किलोग्रॅम कचऱ्यापासून नव्वद-पंचाण्णव ग्रॅम मिथेन, म्हणजे गॅसच्या सिलिंडरातील शंभर ग्रॅम इंधनाएवढी उष्णता, हीच उत्तम परिस्थितीतील प्राप्ती. शिवाय सामान्य कुटुंबात ओला कचरा दोन किलोग्रॅम निघतच नाही. तो सुमारे सहाशे ग्रॅम निघतो. त्या कुटुंबाची रोजची गॅसची गरज तीनशे ग्रॅमहून थोडी अधिक असते, आणि या कचऱ्यापासून तिचा जेमतेम दहावा भाग भागतो.

कित्येक घरगुती संयंत्रे पहिल्या उत्साहानंतर अडगळीत जातात, त्याचे एक कारण या विषम अपेक्षेत आहे. सिलिंडर बंद होईल या आशेने टाकी बसविणाऱ्याची निराशा अटळ असते. ज्या घरी गुरे वा शेळ्या आहेत तेथे शिळेपाके दावणीत जाणे हाच अन्नाचा श्रेष्ठ विनियोग, हेही विसरता कामा नये. तो कचरा संयंत्राच्या हिशेबात धरूच नये.

६. वातावरणाचा ताळेबंद

उघड्या ढिगाच्या आत हवा पोहोचत नाही, तेथे मिथेन आपोआप निर्माण होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेनचा उष्णताधारक परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो. म्हणून कचऱ्यापासून ऊर्जा काढण्याचे समर्थन वातावरणाच्या आधारे केले जाते. या समर्थनाचे दोन घटक वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला घटक इंधनाच्या बचतीचा. १३५ किलोग्रॅम गॅस वाचला तर सुमारे ४०५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचे टळते. दुसरा घटक ढिगाऱ्यातील मिथेन टाळण्याचा. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या पद्धतीनुसार, पाच मीटरांहून कमी उंचीच्या असंघटित ढिगात हवा बरीच खेळत असल्याने खोल ढिगाऱ्याच्या मानाने मिथेन थोडा धरला जातो, त्यासाठी ०.४ हा गुणक सांगितलेला आहे. तो लावूनही अन्नकचऱ्याच्या एका टनामागे सुमारे २० किलोग्रॅम मिथेन निघतो. चार टनांमागे ८० किलोग्रॅम, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या परिमाणात सुमारे २,२४० किलोग्रॅम. हा लाभ इंधनबचतीच्या साडेपाच पट आहे.

परंतु या मोठ्या लाभाचे श्रेय वायुसंयंत्रास देणे बरोबर होणार नाही. ओला कचरा वेगळा करून त्याचे हवेशीर पद्धतीने कंपोस्ट केले तरी त्यातील बहुतांश लाभ मिळतोच. तेव्हा ते श्रेय मुख्यतः वर्गीकरणाचे व प्रक्रियेचे होय. कंपोस्टच्या तुलनेत संयंत्राचे खास योगदान ४०५ किलोग्रॅमांपुरते आहे, आणि तेही एका अटीवर : वायू गळता कामा नये. एक किलोग्रॅम मिथेन चुलीत जाळला तर गॅसची बचत होऊन सुमारे सव्वातीन किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड टळतो. तोच गळून गेला तर २८ किलोग्रॅमांएवढा अपाय होतो. या प्रमाणाने दहा टक्के गळतीबरोबर इंधनबचतीचा सर्व लाभ नाहीसा होतो. झिजलेली नळी, टोपीच्या कडेने सुटणारा वायू, गिऱ्हाईक नसल्यामुळे मोकळा सोडलेला वायू आणि उघड्या खड्ड्यात पाचन चालू राहिलेली स्लरी, ही गळतीची नेहमीची स्थाने होत. म्हणून वायू किती निर्माण झाला याबरोबरच तो किती जाळला गेला, याची दैनिक नोंद ठेवणे अत्यावश्यक ठरते.

७. जमिनीचे देणे

तासगावच्या दृष्टीने वायूपेक्षाही मोलाचे उत्पादन संयंत्राच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. जीवाणू कार्बन वायुरूपाने घालवितात. नत्र, स्फुरद व पालाश मात्र स्लरीत राहतात. एक टन घनद्रव्यात दोन टक्के नत्र धरल्यास रोज २० किलोग्रॅम नत्र हाती येते. म्हणजे जवळजवळ एक पोते युरियाएवढे. उघड्या ढिगात कुजताना नत्राचा बराच अंश अमोनियाच्या रूपाने उडून जातो. हवाबंद टाकीत तो टिकतो.

द्राक्षबागांच्या प्रदेशात शेणखताची मागणी सतत असते आणि गुरांची संख्या तिला पुरी पडत नाही. त्यामुळे स्लरीस गिऱ्हाईक नाही, ही इतर शहरांतील अडचण येथे संभवत नाही. तथापि तीन बाबींकडे लक्ष द्यावे लागेल. बागेस खताची निकड एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी यांच्या सुमारास असते, तर स्लरी रोज निघते. पाणी मिळवल्यानंतर रोज सात-आठ टन होणारा हा द्रव साठविणे अवघड असल्याने तो गाळून घनभागाचे पालापाचोळ्याबरोबर कंपोस्ट करणे व पाणी संयंत्रात पुन्हा वापरणे हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. दुसरी बाब मिठाची. स्वयंपाकातील मीठ स्लरीत उतरते व पुनर्वापराने पाण्यात ते वाढत जाते. कमी पावसाच्या या भागात द्राक्षवेलीच्या मुळांस क्षार बाधतात. त्यामुळे क्षारतेची नियमित तपासणी झाली पाहिजे. तिसरी बाब काच, प्लॅस्टिकचे तुकडे व बॅटऱ्यांतील जड धातू यांची. एकदा शेतात काच निघाली की शेतकरी ते खत पुन्हा घेत नाही.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्याही याच संयंत्रात घालाव्यात, ही सूचना मात्र ग्राह्य नाही. काड्यांतील काष्ठद्रव्य हवाबंद टाकीत जवळजवळ अविघटित राहते. त्या भुगा करून बागेतच आच्छादनासाठी वापरणे श्रेयस्कर. बेदाण्याच्या हंगामातील नासकी द्राक्षे उलटपक्षी अतिशय लवकर आंबतात. ती एकदम टाकीत गेल्यास आम्लता वाढून मिथेनकारक सूक्ष्मजीव निष्क्रिय होतात. त्यांची मात्रा हळूहळू वाढविल्यास ती उपयुक्त, अन्यथा घातक.

८. संचालन : खरी कसोटी

संयंत्र हे एक प्रकारचे जित्राब आहे. त्यास रोज, वेळेवर आणि पचेल तेवढेच खाद्य लागते. तासगावात भाद्रपदातील रथोत्सवास जनसमुदाय लोटतो व निर्माल्य, पत्रावळी आणि अन्न यांची राशी एकाच दिवसात येते. उन्हाळ्यात आंब्याच्या साली व कोयी वाढतात. थंडीत सूक्ष्मजीवांचा वेग मंदावतो. या चढउतारांचा अंदाज घेणारा प्रशिक्षित माणूस कायम नेमलेला असणे हे यंत्राच्या बनावटीहून महत्त्वाचे ठरते.

त्याहून महत्त्वाचे आहे वर्गीकरण. कऱ्हाड नगरपरिषदेस स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये आणि विटे नगरपरिषदेस २०२१ मध्ये, एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या नगरांत, देशात पहिला क्रमांक मिळाला. ही दोन्ही नगरे तासगावच्या शेजारची आणि त्याच प्रकारच्या नागरजीवनाची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा अनेक प्रकारांत विभागून ओल्या भागापासून वायू मिळविण्याची व्यवस्था उभी केली. लहान नगरपरिषदेच्या आवाक्यात हे कार्य नाही, असे या उदाहरणांनंतर म्हणता येणार नाही.

वाहतुकीचा मुद्दा मात्र वाटतो तितका निर्णायक नाही. कचरा घरोघरून गोळा करणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच असल्यामुळे घंटागाडीचे सर्व डिझेल संयंत्राच्या खर्चात धरणे चुकीचे. केवळ जादा अंतराचा भार त्यावर टाकावा. चार टन कचरा सुमारे २५ किलोमीटरांवरील सांगलीस नेऊन गाडी परत आणण्यास बारा-तेरा लिटर डिझेल, म्हणजे ४५० मेगाजूल लागतील. हा प्राप्तीचा चौदावा हिस्सा होय. केवळ ऊर्जेचा विचार केल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी एक सामाईक केंद्र काढणे शक्य आहे. पण मग स्लरी तेथेच राहील आणि तासगावच्या घरांतील पोषकांश तासगावच्या बागांना मुकतील. पाण्याने जड झालेले खत लांब नेणे परवडत नाही. स्थानिक संयंत्राच्या बाजूचा बळकट युक्तिवाद ऊर्जेपेक्षा खताचा आहे, तो असा.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. तासगावसारख्या नगरास कचरा जाळून वीज मिळविणे कोणत्याही कसोटीवर शाश्वत ठरत नाही. ओल्या कचऱ्यापासून जैववायू काढणे शाश्वत ठरू शकते. परंतु त्याच्या लाभांची उतरंड लोकसमजुतीच्या उलट आहे. सर्वांत मोठा लाभ कचरा वेगळा करण्यात व तो ढिगावर न जाऊ देण्यात. त्यानंतरचा जमिनीला पोषकांश परत मिळण्यात. आणि ऊर्जेचा लाभ सर्वांत लहान, वीस घरांमागे एका चुलीएवढा.

हा क्रम केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही, कारण योजनेचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. पथदिव्यांच्या नावाने उभारलेले संयंत्र पथदिव्यांच्याच हिशेबाने तपासले जाते. वीज महाग पडली की ते बंद होते, आणि त्याबरोबर वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र होऊन ढिगावर जाऊ लागतो. घरोघरी महत्प्रयासाने लागलेली सवय एकदा मोडली की ती पुन्हा लावणे पहिल्याहून कठीण. जे संयंत्र स्वच्छता व खत यांच्या खर्चातच मंजूर झाले आहे आणि ज्याचा वायू ही वरकड प्राप्ती मानली आहे, ते एखाद्या वर्षी वायू कमी निघाला म्हणून मोडीत निघत नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे विस्तृत कार्यक्षेत्र आहे. ओल्या कचऱ्यातील घनद्रव्य, क्षार व नत्र यांचे बाराही महिन्यांचे मोजमाप, चालू संयंत्रांतील प्रत्यक्ष गळती आणि स्लरी दिलेल्या व न दिलेल्या द्राक्षवेलींची तुलना, हे विषय थोड्या साधनांनी हाताळता येण्याजोगे आहेत. वरील हिशेबातील प्रत्येक गृहीत संख्येच्या जागी स्थानिक निरीक्षणातून मिळालेली संख्या येईल, तेव्हा नगरपरिषदेस निर्णय घेण्यासाठी पक्का आधार लाभेल.